एकोजीराव दफेदारांचं खातं

परवा खातेवाटप झालं आणि आमचं जुनं खातं पुन्हा एकदा फोडलं. जंगल एकाला, खाणी दुसऱ्याला, तळी तिसऱ्याला. आमच्या बेंगळुरातल्या जे. पी. नगरच्या घरात टीव्ही चालू होता. सून पुण्याची. ती मोबाईल बघत म्हणाली, "बाबा, तुम्ही ह्याच मिनिस्ट्रीत होता ना? इथे पूर्ण हिस्टरी दिलीय. कोण कधी मिनिस्टर होतं, नाव कधी चेंज झालं, सगळं."

"वाच," मी म्हटलं.

तिनं वाचलं. मंत्र्यांची नावं बरोबर होती. सालंही बरोबर असतील. पण एकोजीरावांचं नाव कुठं आलं नाही.

"एकोजीराव कोण? तेही मिनिस्टर होते?"

"नाही. मंत्री त्यांच्या मागं असायचे."

सुनेला ते कळलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. माझी शाळा चौथीत सुटली. मुलगा म्हणाला, तुम्ही सांगा, मी टाइप करतो. मी म्हटलं, नको. तो माझी वाक्यं सरळ करील, आणि एकोजीराव सरळ वाक्यात मावणारे नव्हते.

एकोजीराव ह्या खात्याच्या मंत्र्यांचे दफेदार होते, आणि मी त्याच मंत्र्यांच्या गाडीवर ड्रायव्हर. हल्लीच्या लोकांना दफेदार म्हणजे काय हे सांगावं लागतं. मंत्री खोलीतून बाहेर पडला की जो माणूस त्याच्या पुढं चालतो, हातानं गर्दी बाजूला करतो, दार उघडतो आणि तोंडातून शब्द काढत नाही, तो दफेदार. अंगात पांढरा लांब कोट, खांद्यावरून कमरेला आलेला लाल पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला, डोक्याला जरीकाठाचा म्हैसुरी पेटा. एकोजीराव मुळात बुटके. पेटा चढवला की चांगले उंच दिसायचे. नवा मंत्री त्यांच्याहून बुटका निघाला तर पेटा जरा मागं सरकवून बांधायचे, साहेबांना कमीपणा नको म्हणून.

त्यांचं घराणं बेंगळुरातलंच, पिढ्यानपिढ्यांचं. घरात मराठी बोलायचे, पण निम्मं कन्नड त्यात विरघळलेलं. मी निपाणीकडचा. त्यांना माझी मराठी गावंढळ वाटायची आणि मला त्यांची बाटलेली. ह्यावर आमचे वाद झाले, पण त्यांनी मान्य केलं नाही आणि मी कशाला करू.

त्यांची खरी ख्याती पट्ट्याची नव्हती. त्यांना त्या खात्याची कथा येत होती. नवा मंत्री आला की पहिल्या सकाळी ताकाचा पेला टेबलावर ठेवायचे, हात जोडायचे आणि एरवी मुका असलेला हा माणूस म्हणायचा, "साहेब, खातं हातात घ्यायच्या आधी त्याची कथा स्वल्प ऐकून घ्या." सांगायचे कन्नडात. मी दाराशी किल्ली घेऊन उभा असायचो, त्यामुळं मला ती तोंडपाठ झाली.

"साहेब, आधी ही खुर्चीच नव्हती. जंगल हे महसूल खात्याच्या परसात बांधलेलं होतं, गायीसारखं. ज्याला दूध पाहिजे त्यानं चरवी घेऊन यावं. मग कुणाला तरी वाटलं, गायीला धनी पाहिजे. तेव्हा मंत्री आला. पुढं कुटुंब वाढलं. जंगल हा थोरला भाऊ. गप्प राहतो, आणि जो येतो तो त्याच्याच ताटातलं उचलतो. खाण हा धाकटा, पण कमावता, म्हणून घरात आवाज त्याचा. तळी ही बहीण. पाऊस बरा असला की तिला कुणी विचारत नाही, ती इथं माहेरी राहते. दुष्काळ पडला की सासरचे ओढून नेतात. आणि पर्यावरण हे शेंडेफळ. उशिरा झालं, इंग्रजी शाळेत गेलं. आल्यापासून थोरल्यांना विचारतंय, तुम्ही हे असं का करता?"

इथं सगळे मंत्री हसायचे. मग एकोजीराव खुर्चीकडं वळायचे.

"खुर्ची मोठी गुणाची आहे साहेब. ह्या खुर्चीवरच्या एका साहेबांना थेट दिल्लीहून बोलावणं आलं. आणखी एक साहेब इथं बसले, त्यांना पुन्हा कधी निवडणुकीला उभं राहायची दगदग करावी लागली नाही."

मंत्र्याचा चेहरा खुलायचा. आता खरं असं की दिल्लीहून बोलावणं आलं ते राजीनामा मागायला, आणि दुसऱ्या साहेबांना पक्षानं पुढं तिकीटच दिलं नाही. मी एकदा विचारलं, "अण्णा, अर्धंच का सांगता वो?"

"खोटं सांगितलं का?"

"खोटं न्हाई, पण पुढचं?"

"पुढचं विचारलं तर सांगेन की. विचारत कुणी नाही. चांगलं ऐकलं की माणूस तिथंच मुक्काम करतो, शंकरा."

ह्या माणसाची एकच इच्छा होती, आणि ती आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. पट्टा, पेटा, कोट हे सरकारी सामान. ते कचेरीतल्या कपाटातच ठेवायचं. एकोजीराव येलहंक्याहून बसनं यायचे, अर्ध्या बाह्यांचा सदरा, हातात डब्याची पिशवी. कपडे बदलायचे, संध्याकाळी पुन्हा सदरा घालून बस पकडायचे. त्यामुळं त्यांच्या बायकोनं, तुळसाक्कांनी, नवऱ्याला पट्ट्यात कधी पाहिलंच नव्हतं. टीव्हीवर मंत्री दिसायचा तेव्हा ह्यांचं कोपर दिसायचं, फार तर पेट्याचा शेमला. मी एकदा त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो तेव्हा तुळसाक्का मला वाढताना म्हणाल्या, "आमच्या यजमानांचं कोपर सगळ्या राज्यानं बघितलंय. माणूस कसा दिसतो ते तुम्हीच सांगा."

आमच्याकडं एक वहिवाट होती. दफेदार निवृत्त होतो त्या दिवशी त्यानं पूर्ण पोशाखात, कचेरीच्या गाडीतून घरी जायचं, आणि पोशाख दुसऱ्या दिवशी धुऊन परत पाठवायचा. आयुष्यात तेवढा एक दिवस. पण अट अशी की खातं तेव्हा पुऱ्या दर्जाच्या मंत्र्याकडं पाहिजे. राज्यमंत्र्याला पट्टेवाला दफेदार मिळत नसे. खातं खाली गेलं की दफेदाराला खाकी चढवून स्टोअरला पाठवायचे. एकोजीरावांचे वडीलही दफेदार. त्यांच्या निवृत्तीला थोडे दिवस राहिले आणि खातं राज्यमंत्र्याकडं गेलं. म्हातारा खाकीत घरी आला. एकोजीराव ही गोष्ट एकदाच बोलले, बिल्ला चिंचेनं घासता घासता. "अप्पा आले, चप्पल काढली, म्हणाले पाणी दे. अव्वानं दारात रांगोळी काढली होती. त्यांनी ती बघितलीसुद्धा नाही." मग बिल्ला उजेडात धरून म्हणाले, "मी पट्ट्यातच जाणार घरी."

म्हणून खात्याचं काय होतंय इकडं ह्या माणसाचा डोळा असायचा. मंत्री बदलला तरी चालेल, खुर्चीचा मान उतरता कामा नये.

मंत्री तर बदलायचेच. आणि प्रत्येक जण आल्यावर आधी खोलीची वास्तू बघणार. एक साहेब आले, त्यांच्या ज्योतिष्यानं सांगितलं, दार पूर्वेचं बंद करा, ईशान्येला नवीन पाडा. शनिवार-रविवारी सुतार येऊन गेले. सोमवारी साहेब आले, दाढी गुळगुळीत, कपाळाला कुंकू, मागं हार घेतलेली पंचवीस-तीस माणसं. एकोजीराव पुढं. पाय सवयीचे. नेहमीच्या वळणावर वळले, हात पुढं केला आणि थेट नव्या प्लायवूडवर जाऊन आदळले. पेटा नाकावर आला. मागून साहेब त्यांच्यावर, साहेबांवर हारवाले. मला वाटलं, गेली नोकरी. एकोजीरावांनी पेटा सरळ केला, प्लायवूडला टक टक करून बघितलं आणि साहेबांना म्हणाले, "भिंत मजबूत आहे साहेब. विरोधक इकडून येऊ शकत नाहीत."

साहेब खूश. त्या दिवसापासून येईल त्या पाहुण्याला ती भिंत दाखवायचे. साहेब गेले, पुढच्यांनी भिंत काढली, त्याच्या पुढच्यांनी पुन्हा घातली. एकोजीराव मात्र सुतार येऊन गेला की रविवारी संध्याकाळी येऊन दार कुठं आहे ते हातानं चाचपून जायला लागले.

झाडं लावायचंही तसंच. येलहंक्याच्या पुढं एका तळ्याकाठी खड्डा होता. दर नव्या मंत्र्यानं पहिलं झाड तिथं लावायचं, कारण रस्ता चांगला आणि कॅमेरेवाल्यांना सावली. रोप जगायचं नाही. पुढचे साहेब येईपर्यंत खड्डा परत रिकामा. एका साहेबांनी फावडं हातात घेऊन विचारलं, "इथली माती कशी आहे?"

एकोजीराव म्हणाले, "फार अनुभवी आहे साहेब."

त्यात एक होंगेचं रोप मात्र जगलं. आमच्याकडं त्याला करंज म्हणतात. ते कसं जगलं तर ते लावणाऱ्या साहेबांचं खातं त्याच आठवड्यात गेलं आणि नवे साहेब आले ते फक्त खाणींचे. जंगल काही काळ कुणालाच दिलं नाही, मुख्यमंत्र्यांकडं पडून होतं, त्यामुळं खड्ड्याकडं कुणी फिरकलं नाही. एकोजीराव म्हणायचे, "बघ, थोरल्या भावाला जरा एकटं सोडलं की बाळसं धरतो."

आता माझ्या आणि त्यांच्या भांडणाचं सांगतो. मंत्र्यांच्या गाडीचं दार कुणी उघडायचं? मी म्हणत होतो, गाडी माझी, दार माझं. ते म्हणायचे, "गाडी चाकापर्यंत तुझी. मंत्र्याचा पाय जिथं पडतो तिथून माझी हद्द." ह्यावरून आम्ही सबंध उन्हाळा एकमेकांशी बोललो नाही. मी 'अण्णा' म्हणायचं सोडलं, ते मला 'ओ ड्रायव्हर' म्हणायला लागले. एकदा कोरमंगल्यात कुठल्याशा हॉटेलचं उद्घाटन होतं. गाडी थांबली. मी उतरून धावलो, ते पुढच्या सीटवरून उतरून धावले, आणि दोघांचा हात एकाच वेळी मुठीवर पडला. त्यांनी सोडली नाही, मी सोडली नाही.

"हात काढ," ते हळू म्हणाले.

"तुम्ही काढा."

"स्वल्प लाज धर, लोक बघतायत."

"मग तुम्ही धरा की."

मंत्री मधल्या मधे दुसऱ्या दारानं उतरले, फीत कापली, केळ्याचे वेफर्स खाल्ले, आणि परत येऊन बघतात तर आम्ही तसेच. दार ड्रायव्हरचंच, हे मी आजही म्हणतो. पण त्या दिवशी परत येताना एकोजीरावांना हसू आलं, मग मला आलं, मागं मंत्रीही हसायला लागले, आणि अबोला सुटला. उतरताना त्यांनी हद्द वाटून घेतली. डावं दार त्यांचं, उजवं माझं.

अशी वर्षं गेली. एकोजीरावांची निवृत्ती आली तो महिना आषाढाचा. आणि ऐन त्याच महिन्यात सरकारात खांदेपालट झाला. कचेरीत सगळे टीव्हीसमोर. एकोजीराव टीव्हीकडं पाठ करून बिल्ला घासत बसलेले. खाणी गेल्या एकाकडं, तळी गेली दुसऱ्याकडं. जंगल आणि पर्यावरण उरलं, ते एका नव्या बाईंना, राज्यमंत्री म्हणून.

एकोजीरावांनी बिल्ला पट्ट्याला लावला, पट्ट्याची घडी केली आणि कपाटात ठेवून म्हणाले, "शंकरा, खाकीचं माप देऊन ठेवायला पाहिजे. पोट वाढलंय."

दुसऱ्या दिवशी बाई खोली बघायला आल्या. वय लहान, पहिल्यांदाच निवडून आलेल्या, मलनाडच्या कॉफीच्या मळ्यातल्या. पी. ए. मागं मागं. एकोजीरावांनी ताक ठेवलं.

"तुम्ही इथली कथा सांगता म्हणे," बाई म्हणाल्या.

त्यांनी सांगितली. गाय, थोरला, धाकटा, माहेरवाशीण, शेंडेफळ. खुर्चीपाशी आले. दिल्लीचं बोलावणं सांगितलं. बाई ताक पिता पिता थांबल्या.

"कशाला बोलावलं होतं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला. एकोजीराव माझ्याकडं बघायला लागले. मग त्यांनी सांगितलं. राजीनाम्याचं, तिकिटाचं, खड्ड्याचं, प्लायवूडचं, सगळं. बाई इतक्या हसल्या की पी. ए. दार लोटून आला.

माझ्या डोक्यात तेव्हा वेगळंच चाललं होतं. मंत्री लोक आषाढात खुर्चीवर बसायला घाबरतात. बाईंनी सूत्रं घेतली नाहीत तर खातं तोवर मुख्यमंत्र्यांकडं, म्हणजे पट्टा शाबूत. महिनाअखेर आषाढातच येत होती. मी पुढं झालो.

"मॅडम, एक सांगतो. मागं एक साहेब आषाढात ह्या खुर्चीवर बसले, दसऱ्याला घरी गेले."

खोटं नव्हतं. बाईंनी पेला खाली ठेवला. पी. ए. नं भिंतीवरच्या पंचांगाकडं बघितलं. तिथंच सोडलं असतं तर काम झालं होतं.

"तू गप रे," एकोजीराव म्हणाले. मग बाईंकडं वळून, "अर्धं सांगतोय तो, मॅडम. श्रावणात बसले तेही दिवाळीला गेले. आषाढाचा काही संबंध नाही. तुम्ही आज बसा."

मला इतका राग आला की मी मराठीतच म्हटलं, "अण्णा, जन्मभर अर्धं सांगितलं, आणि आज तुम्हाला पुरं सांगायची हौस आली व्हय?"

"तेव्हा मला काही पाहिजे नव्हतं," ते म्हणाले. "आज पाहिजे आहे. आज अर्धं सांगितलं तर ती चोरी."

बाईंना मराठी येत नव्हती, पण पी. ए. ला कळत होती. तो भला माणूस. त्यानं बाईंना बाजूला नेलं, पाच मिनिटं काहीतरी कुजबुजला. बाई परत आल्या.

"तुमची निवृत्ती कधी?"

"महिनाअखेरीला."

"आमची आजी म्हणायची, आषाढात नवी चूल मांडू नये. मी श्रावणात बसेन."

एकोजीराव गडबडले. "मॅडम, मी आत्ताच सांगितलं, त्यानं काही होत नाही."

"तुम्ही सांगितलं हो. आजीनं कुठं ऐकलं?"

मग बाई शेजारच्या बैठकीच्या खोलीत टेबलाच्या कोपऱ्यावर बसून कागद वाचायच्या, सही करायच्या नाहीत. टीव्हीवाल्यांनी त्यांची खिल्ली उडवली. परदेशात शिकून आली आणि आषाढ पाळते म्हणे. एकोजीरावांना ते टोचायचं. एकदा जाऊन म्हणाले, "मॅडम, माझ्यापायी लोक तुम्हाला हसतायत." बाई कागदातून मान वर न काढता म्हणाल्या, "हसू देत. श्रावणात मी त्यांना दुसरं काहीतरी देईन." एकोजीराव बाहेर येऊन मला सांगतात कसे, "शंकरा, सध्या मी मुख्यमंत्र्यांच्या खात्याचा दफेदार आहे. माझ्याशी स्वल्प जपून बोल."

शेवटच्या दिवशी कोटाला कडक इस्त्री, पट्टा लालभडक. बाई व्हरांड्यापर्यंत आल्या, नारळ आणि शाल दिली. दुसऱ्या खोल्यांचे दफेदार आपापल्या दारात येऊन उभे राहिले. गाडीत एकोजीराव मागच्या सीटवर ताठ बसले, पाठ टेकली नाही. हेब्बाळच्या पुलावर नेहमीसारखी वाहनं तुंबली होती. शेजारच्या ऑटोवाल्यानं वाकून विचारलं, "यजमान, लग्न कुणाचं?"

"माझंच," एकोजीराव म्हणाले.

येलहंक्याला त्यांच्या गल्लीत गाडी वळवली तेव्हा तुळसाक्का ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. एकोजीराव उतरले आणि गेटापाशी उभे राहिले. त्यांना पुढं काय करायचं ते कळेना. तुळसाक्कांनी मेथी बाजूला ठेवली, चष्मा चढवला आणि पेट्यापासून बुटापर्यंत नवऱ्याला बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वर, परत पेट्यापर्यंत.

"कोपरावरून मला वाटलं होतं, उंच असाल," त्या म्हणाल्या.

"आत येऊ?"

"थांबा. दूध संपलंय. बूथवरून आणायचं आहे."

"ह्या पोशाखात? हा सरकारी पोशाख आहे. ह्यात दूध आणत नाहीत."

"तुम्हाला कोण आणा म्हणतंय? मी जाते." तुळसाक्कांनी पदर सारखा केला, दुधाची पिशवी घेतली आणि पायऱ्या उतरून फाटकात उभ्या राहिल्या. चालेनात. नुसत्या समोर बघत उभ्या.

एकोजीरावांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पेटा सारखा केला आणि पुढं झाले. उजवा हात जरासा बाहेर काढला. गल्लीतलं एक कुत्रं उठून बाजूला झालं. फुलवालीनं टोपली आत ओढली. तुळसाक्का मागून चालल्या होत्या, पिशवी हातात, मान ताठ, घाई नाही. कोपऱ्यावर एक स्कूटरवाला भरधाव येत होता. एकोजीरावांनी तळहात दाखवला. त्यानं ब्रेक लावला. तुळसाक्का त्याच्याकडं न बघता रस्ता ओलांडून गेल्या.